केळीच्या चेंबरमधला पहिला अल्बम

आमच्या बँडचा पहिला अल्बम रावेर तालुक्यातील एका बंद पडलेल्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंदिस्त खोलीत, ध्वनिमुद्रित झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे सामान उतरवले, जानेवारीअखेर वादन आणि गायन पूर्ण झाले, आणि मिक्सिंग-मास्टरिंग, म्हणजे वेगवेगळे घेतलेले आवाज जुळवून त्यांना अंतिम रूप देणे, आटोपून अंतिम फाइली हाती यायला एप्रिल उजाडला. आठ गाणी, ३८ मिनिटे. मी या बँडमध्ये बास गिटार वाजवतो आणि एरवी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. खान्देशात रॉक वाजवणारी मुले आता तालुक्याच्या गावांतही भेटतात आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की स्टुडिओ नसताना अल्बम कसा करायचा. आमच्या बाबतीत तो जसा झाला तसा इथे लिहून ठेवतो आहे.

आमच्याकडे 'बँड' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लग्नाची मिरवणूक येते, आणि त्यात गैर काही नाही. खान्देशातील लग्नांचे बँड ही मोठी परंपरा आहे. त्यातला विजेवर चालणारा बँजो, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायचे बुलबुल तरंग, हा आमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला पहिला 'इलेक्ट्रिक' आवाज होय. आमच्या गिटारवादकाचे वडील ऐन लग्नसराईत बँजो वाजवीत असत. एको लावलेल्या त्या तारांचा कर्ण्यातून येणारा फाटका, धारदार स्वर त्याच्या कानात इतका मुरलेला आहे की त्याची डिस्टॉर्शनची, म्हणजे गिटारचा स्वर मुद्दाम फाटका करण्याची, कल्पनाच तिथून आली. परदेशी गिटारवादक त्याने नंतर ऐकले. अल्बममधील एका गाण्यात वडिलांचा तोच बँजो आम्ही वाजवला आहे, आणि माझ्या मते अल्बममधला तो सर्वांत खरा आवाज आहे.

आम्ही वाजवतो त्या प्रकारच्या संगीताला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात. ही संज्ञा १९८०च्या दशकात रूढ झाली. मोठ्या कंपन्यांच्या बाजारपेठेबाहेर, छोट्या रेकॉर्ड कंपन्या आणि महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे यांच्या आधारावर वाढलेले हे संगीत महानगरांबरोबरच लहान गावांतूनही आले, ही गोष्ट मला नेहमीच महत्त्वाची वाटत आली आहे. 'आर.ई.एम.' हा बँड अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावातला. त्यांचा पहिला अल्बम १९८३ साली आला. 'निर्वाणा' वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन या लाकूड व्यवसायावर जगणाऱ्या गावातला. त्यांचा पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ साली आला आणि सिअ‍ॅटलमधील एका छोट्या स्टुडिओत जॅक एंडिनो यांनी केलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणाचे बिल ६०६ डॉलर आणि १७ सेंट झाले होते. हा आकडा आमच्या ड्रमरने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. आपल्या देशात, आपल्या भाषेत असे काही होऊ शकते याचा पुरावा मात्र आम्हाला केरळच्या 'अवियल'ने दिला. त्यांचा २००८ सालचा पहिला अल्बम मल्याळममध्ये आहे. त्यातला एकही शब्द न कळता आम्ही तो वर्षानुवर्षे ऐकला.

आमच्याकडे चौदा गाणी तयार होती. त्यातली सहा कमी करण्यातच पूर्ण ऑक्टोबर गेला. स्नेहसंमेलनांत हमखास टाळ्या घेणारे एक गाणे होते. गायकाचा ते घ्यायचा आग्रह होता, माझा विरोध होता, आणि दोन आठवडे आम्ही एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलत होतो. शेवटी मोबाइलवर मुद्रित केलेली चौदाही गाणी आम्ही ओळीने, मध्ये न थांबता, चौघांनी एकत्र बसून ऐकली. ते गाणे लागले तेव्हा गायकानेच मान हलवली. त्या गाण्याची मजा समोरच्या गर्दीत होती आणि गर्दी वगळली की मागे चार ओळी आणि दोन कॉर्ड उरत होते. पहिल्या अल्बमसाठी गाणी निवडताना ती समोर कोणी नसताना ऐकावीत, एवढे मी आता खात्रीने सांगू शकतो.

चेंबर ड्रमरच्या मामांचे. महामार्गालगत त्यांनी नवे, मोठे युनिट उभारल्यावर गावाकडची ही जुनी दोन चेंबर रिकामी पडली होती, कंप्रेसर काढून नेलेला होता, आणि योग्य गिऱ्हाईक मिळाले की पॅनेल विकून टाकायचे असे ठरलेले होते. तोवर वापरा म्हणाले. केळी पिकवताना अशा खोलीत तापमान सोळा ते अठरा अंश राखून इथिलीन वायू सोडतात, म्हणून तिच्या भिंती, छत आणि दार सगळे पफ पॅनेलचे असते: दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये पॉलियुरेथेनचा फोम. आत शिरून दार लावले की बाहेरचे जग एकदम बंद झाल्यासारखे वाटते, आणि त्या पहिल्या भासाने आम्ही फसलो. चौघेही म्हणालो की हा तर तयार स्टुडिओ आहे.

ड्रमरने स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर एक फटका मारला आणि खोली पत्र्याच्या पिंपासारखी वाजली. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज टर्रर्र असा धावत राहिला. बाहेर उभे असलेले मामा दार उघडून आत आले आणि म्हणाले, "भाऊ, आवाज त पुरा बाहीर येऊ राह्यला." उष्णता अडवणारी भिंत आवाजही अडवील, ही समजूत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने करून घ्यायला नको होती. आवाज अडवायला वजनदार भिंत लागते आणि पफ पॅनेल हलके असते. आवाज शोषायचा तर हवेला आत-बाहेर करता येईल असा सच्छिद्र पदार्थ लागतो. पफ पॅनेलमधल्या फोमची छिद्रे बंद असतात, शिवाय त्यावर पत्रा असतो. म्हणजे ही खोली थंडावा जपण्यासाठी जितकी उत्तम होती, तितकीच ध्वनिमुद्रणासाठी वाईट होती.

बाजारात मिळणारे तयार ध्वनिशोषक तक्ते आम्हाला परवडणारे नव्हते. पण जळगाव जिल्ह्यात डिसेंबर म्हणजे कापसाचा हंगाम. जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई समोर दिसत असताना दुसरे काही शोधायची गरजच नव्हती. कापसाच्या तंतूंमधून हवा हलते, घर्षण होते, आणि आवाजाची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलून जाते. काचतंतूंच्या तक्त्याचे काम याच तत्त्वावर चालते. आम्ही सुताराकडून सहा फूट बाय तीन फुटांच्या बारा लाकडी चौकटी करून घेतल्या. गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याने दोन दिवस चेंबरच्या ओट्यावर बसून रुई पिंजून दिली. चौकटीला मागून गोणपाट ठोकायचे, आत आठ इंच रुई पसरायची आणि पुढून मांजरपाट ताणून बसवायचे. रुई दाबून भरली की तिच्यातून हवा जात नाही, सैल भरली की आठवड्याभरात खाली बसते. नेमकी किती भरायची हे पिंजाऱ्याच्या हाताला आमच्यापेक्षा चांगले कळत होते. चौकटीवर तळहात ठेवून दाबल्यावर तो सोडताच मांजरपाट हळूहळू वर आले पाहिजे, ही त्याची कसोटी. आग लागण्याची भीती खरी होती, म्हणून चेंबरमध्ये काडीपेटी नेण्यास मनाई होती आणि दाराशी वाळूच्या दोन बादल्या कायम भरलेल्या असत.

चौकटी भिंतींना वीतभर अंतर सोडून उभ्या केल्यावर पुन्हा स्नेअर वाजवला. यावेळी फटका ऐकू आला आणि तिथेच संपला.

एक मोठा दोष मात्र उरला, आणि तो माझ्याच वाद्यात उमटत होता. बासचा अँप (ध्वनिवर्धक) लावून मी साधी सरगम वाजवली तरी मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजवलेल्या, ए स्वराच्या तारेवर खोली अंगावर आल्यासारखी घुमायची आणि शेजारचे स्वर त्या मानाने मेलेले वाटायचे. प्रथम अँपवर संशय घेतला, मग केबलवर, मग तारांवर. सगळे बदलून झाले. तिसऱ्या रात्री मी मोजपट्टी घेऊन खोली मोजली. लांबी वीस फूट, रुंदी दहा फूट, उंची दहा फूट. हिवाळ्यातल्या त्या पंधरा अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. दोन समांतर भिंतींमध्ये सर्वांत खालची स्थिर लाट तयार होते तिची वारंवारता म्हणजे वेगाला अंतराच्या दुपटीने भागून येणारी संख्या. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून ३४० भागिले ६.१, उत्तर साधारण ५६ हर्ट्झ. बासच्या ए तारेची वारंवारता ५५ हर्ट्झ. आणि रुंदी व उंची एकच असल्यामुळे दोन दिशांच्या लाटा एकाच जागी एकमेकींत मिळत होत्या. वर्गात फळ्यावर शंभर वेळा काढलेली आकृती मी त्या रात्री पहिल्यांदा अंगाने अनुभवली. अँप चालू ठेवून तो स्वर धरून ठेवला आणि चेंबरमध्ये हळूहळू चाललो. भिंतीजवळ आवाज छातीत भरत होता आणि खोलीच्या मधोमध, छत आणि जमिनीच्याही मध्यावर डोके आणले की तो जवळजवळ नाहीसा होत होता.

रुईच्या चौकटींनी हा दोष जाणार नव्हता. एवढ्या लांब लाटेला शोषायचे तर शोषकाची खोली तिच्या चतुर्थांशाजवळ हवी, म्हणजे दीड मीटरहून अधिक. तेवढी रुई भरली असती तर वाजवायला जागाच उरली नसती. म्हणून बास मी अँपवरून न घेता डीआय बॉक्समधून, म्हणजे माइकशिवाय तारेने, थेट मुद्रित केला, आणि अँपचा आवाज नंतर मामांच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात, तेच मुद्रण अँपमधून पुन्हा वाजवून, स्वतंत्रपणे घेतला. शिवाय दोन गाणी ए मधून जी मध्ये उतरवली. गायकाला ते सोयीचेच झाले.

विजेची कहाणी थोडक्यात सांगतो. शेतीच्या फीडरवर थ्री फेजचा पुरवठा पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळतो, आणि तो सुरू झाला की आजूबाजूच्या विहिरींवरचे पंप एकापाठोपाठ चालू होतात. प्रत्येक स्टार्टरचा टक्क असा आवाज आमच्या गिटारच्या ट्रॅकमध्ये उमटायचा आणि त्याखाली ५० हर्ट्झची अखंड गुणगुण असायची. जुन्या चेंबरचे अर्थिंग सडून गेले होते. आम्ही नवा खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, पाणी ओतले आणि सगळे यंत्र एकाच बोर्डवर आणले. गुणगुण संपली. स्टार्टरचे आवाज टाळण्यासाठी थ्री फेजचे वेळापत्रक पाहून मुद्रणाच्या वेळा ठरवल्या.

ड्रम आधी. माइकचे आवाज संगणकात नेणारा आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस होता. किक, स्नेअर आणि दोन टॉम या ड्रमना एकेक माइक, वरचे दोन माइक, एक माइक खोलीसाठी आणि आठव्यावर सोबतीची कच्ची गिटार, अशी त्याची विभागणी केली. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर, वाजवायचे की नाही यावर बराच खल झाला. क्लिकवर वाजवले की नंतर एक कडवे उचलून दुसरीकडे लावता येते, चुकलेला भाग तेवढाच दुरुस्त करता येतो. क्लिकशिवाय वाजवले तर संपूर्ण टेक, म्हणजे एका दमात केलेले मुद्रण, एकसंध चांगला यावा लागतो. आमचा ड्रमर धृपदाला किंचित पुढे धावतो. पाच गाण्यांत आम्ही त्याला क्लिकला बांधले आणि तीन गाण्यांत मोकळे सोडले. आज ऐकताना ती तीन गाणी श्वास घेताना वाटतात. पुढच्या वेळी प्रमाण उलटे ठेवू.

हिवाळ्यात आमच्याकडे पहाटे हात गारठतात आणि दुपारी स्वेटर काढावा लागतो. थंडीत तार आकसते आणि स्वर चढतो, ऊन वाढले की उतरतो. सकाळी नऊला जुळवलेली गिटार बाराला जुळलेली नसते. एका गाण्याच्या गिटारचे दोन थर आम्ही वेगवेगळ्या वेळी घेतले होते आणि ते एकमेकांशी सूक्ष्मपणे भांडत राहिले. दोन्ही टाकून दिले आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा एवढीच वेळ गिटारसाठी ठेवली.

गायनाने मला सर्वांत जास्त शिकवले. आमचा गायक पारोळ्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा. मामांकडची रावेर-यावल भागातली बोली वेगळी आहे, बहिणाबाईंच्या कवितेतून महाराष्ट्राला ओळखीची झालेली. आणि अहिराणी वेगळी. खान्देश म्हटले की बाहेरचे लोक या दोन्ही एकच समजतात. आठपैकी पाच गाणी अहिराणीत आहेत. त्यातले एक अशा गावाविषयी आहे जिथे रेल्वेचा रूळ आहे पण गाडी थांबत नाही. त्याचे धृपद आहे, 'गाडी येस, गाडी जास, मन्हा गावले थांबत नही.'

गायकाच्या आवाजाला थोडी घुम हवी होती आणि संगणकातली कृत्रिम घुम आम्हा कुणालाच पटत नव्हती. १९८८ साली 'पिक्सिज' या बँडच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या अल्बमसाठी ध्वनितंत्रज्ञ स्टीव्ह अल्बिनी यांनी काही गायन स्टुडिओच्या स्नानगृहात घेतले होते, हे गिटारवादकाने वाचलेले होते. आमच्याजवळ तर शेजारचे दुसरे चेंबर तसेच रिकामे, उघड्या पत्र्याचे पडलेले होते. रुई लावलेल्या चेंबरमध्ये गायकाचा कोरडा आवाज घेतला, मग शेजारच्या चेंबरमध्ये स्पीकर ठेवून तो वाजवला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला माइक लावून फक्त प्रतिध्वनी मुद्रित केला. दार किती उघडे ठेवायचे यावर घुम लहानमोठी होत होती. धृपदात दार बंद, कडव्यात हातभर उघडे. पहिल्या दिवशी ज्या दोषाने आमची झोप उडवली होती तोच आवाज अल्बममधल्या पाच गाण्यांत गायकाच्या मागे उभा आहे.

मिक्सिंग पुण्यातील एका ध्वनितंत्रज्ञाकडे सोपवले. फेब्रुवारीच्या मध्यावर त्याने पहिले मिक्स पाठवले. ड्रम भरदार, गिटार स्वच्छ, बास जिथे हवा तिथे. पण गायकाने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, "हाई मन्ही भाषा नही शे." आम्ही पुन्हा ऐकले. 'येस' हा शब्द 'येथ' असा ऐकू येत होता, 'जास'च्या शेवटी नुसती हवा होती. अहिराणीत वर्तमानकाळाचे क्रियापद 'स'ने संपते: येस, जास, करस, ऱ्हास. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी 'स' येतो, बऱ्याचदा लांबवलेला. माइकवर 'स'ची शीळ पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उमटते आणि कानाला बोचते, म्हणून ती दाबण्यासाठी डी-एसर नावाचे साधन वापरतात. तंत्रज्ञाने आपल्या सवयीप्रमाणे ते लावले होते. प्रमाण मराठीच्या किंवा हिंदीच्या गाण्यात 'स' अधूनमधून येतो, तिथे ते चालून जाते. इथे त्याने नकळत क्रियापदांचे शेपूटच कापले होते.

मी त्याला सविस्तर पत्र लिहिले, पाचही गाण्यांचे शब्द अर्थासह पाठवले आणि कुठला 'स' व्याकरणाचा आहे ते अधोरेखित केले. त्याने ते मनावर घेतले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. दुसऱ्या मिक्समध्ये डी-एसर काढला तर प्रत्येक ओळ शिटी वाजवल्यासारखी संपू लागली. तिसऱ्यात त्याने यांत्रिक साधन बाजूला ठेवून प्रत्येक 'स' हाताने, एकेक करून, जरुरीपुरता खाली आणला. पाच गाण्यांत असे दोनशेहून अधिक 'स' होते आणि त्याचे आठ दिवस त्यात गेले. या प्रसंगापासून माझे ठाम मत झाले आहे की गाणाऱ्याची भाषा मिक्स करणाऱ्याला येत नसेल तर तिचे निदान व्याकरण तरी त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे बँडचे काम आहे. २०११च्या जनगणनेत, अहिराणी जिच्यात मोडते ती खान्देशी ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदलेली आहे आणि तिचे भाषक अठरा लाखांहून अधिक आहेत. एवढ्या लोकांचे क्रियापद ध्वनिमुद्रणात शाबूत राहावे ही मागणी अवास्तव नाही.

चेंबर भुसावळ-खंडवा मार्गापासून फार दूर नव्हते. हवेतून येणारा आवाज रात्री थोडाच यायचा, पण मालगाडीची धडधड जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढायची. स्टँडखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवून ती बरीच कमी केली. तरी कित्येक टेक वाया गेले. शेवटच्या गाण्याचा मात्र सर्वांत चांगला टेक असा होता की गिटारचा स्वर विरत असताना तिकडे मालगाडी सुरू झाली. तंत्रज्ञाने ती कापण्याची तयारी दाखवली होती. आम्ही ती राहू दिली. अल्बमचे शेवटचे वीस सेकंद तिचे आहेत.

मार्चमध्ये एका कंपनीने अल्बम प्रकाशित करण्याचा प्रस्ताव दिला. रक्कम बरी होती आणि आमचे खर्च बऱ्यापैकी भरून निघाले असते. कराराच्या मसुद्यात मात्र शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे सर्व हक्क कायमचे देण्याचे कलम होते. जळगावच्या एका वकील स्नेह्यांनी तो मसुदा ओळ न ओळ समजावून दिला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्याचे शब्द ही एक कलाकृती, त्याची चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. या तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतात. आम्ही चौघांनी आधी आपसांत एक साधा लेखी करार केला, प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे आणि चाल कोणाची ते नोंदवले, आणि कंपनीला नकार कळवला. हे कागद वास्तविक गाणी निवडतानाच व्हायला हवे होते. मैत्री आहे म्हणून ते मागे ठेवणे चुकीचे आहे.

मास्टरिंगच्या वेळी आवाज किती मोठा ठेवायचा हा प्रश्न आला. पूर्वी प्रत्येक अल्बम शेजारच्यापेक्षा मोठा वाजावा म्हणून दाबून दाबून सपाट केला जात असे. आता ऑनलाइन ऐकवणाऱ्या सेवा सगळी गाणी स्वतःच एका पातळीला आणतात. स्पॉटिफाय ती सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचे एकक) या पातळीवर आणते. म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे तिथे पुन्हा खालीच येते, आणि दाबताना हरवलेला चढ-उतार मात्र परत मिळत नाही. आम्ही ड्रमला जागा ठेवली. प्रत्येक गाण्याला ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षरांकांचा आयएसआरसी क्रमांक लागला आणि माहितीचा तक्ता भरावा लागला. त्यात भाषेच्या यादीत अहिराणी नव्हती. पाच गाण्यांपुढे 'मराठी' लिहिताना गायकाने संगणक माझ्याकडे सरकवला. ती पाच नोंदी मी भरल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मामांना पॅनेलचे गिऱ्हाईक मिळाले. रुईच्या चौकटी आम्ही आदल्या दिवशीच मोकळ्या केल्या होत्या. पिंजाऱ्याने ती रुई घेऊन तिच्या गाद्या भरून द्यायचे कबूल केले होते. दुपारी, माल मोजायला माणूस येण्यापूर्वी, आम्ही एक मोठा स्पीकर आत नेला आणि उघड्या पत्र्याच्या त्या खोलीत अल्बम सुरुवातीपासून लावला. बाहेर उन्हाने पारा बेचाळिसावर गेला होता आणि आत त्याहून कमी नव्हते. गिऱ्हाईक मध्येच आले आणि मामांबरोबर दारातून पॅनेल मोजू लागले. मी दुसऱ्या गाण्यातल्या ए स्वराची वाट पाहत भिंतीला पाठ लावून उभा होतो. तो स्वर आला आणि सरळ निघून गेला. भिंत गप्प राहिली. क्षणभर मला काही कळेना, मग लक्षात आले की बेचाळीस अंशांवर ध्वनीचा वेग ३५७ मीटरच्या आसपास जातो आणि दहा फुटांची तीच खोली आता ५६ वर नव्हे तर ५८ हर्ट्झच्या थोडे वर बोलणार. डिसेंबरपासून ती जवळजवळ अर्धा स्वर वर सरकली होती. पाचव्या गाण्यात बास बी फ्लॅटवर, म्हणजे ए च्या अर्धा स्वर वर, येऊन चार मात्रा थांबतो. तिथे पोहोचताच चारही बाजूंचा पत्रा गुंजू लागला, आणि दारातल्या गिऱ्हाइकाने मोजणे थांबवून पॅनेलवर तळहात ठेवला.